एक पूल खोडला तर?

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छची धरणी हादरली. भुजचे सरकारी रुग्णालयच कोसळले. जखमींना बाहेर न्यायचे, तर सौराष्ट्राकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचा सूरजबारीचा खाडीपूलही दुखावलेला!

अभियंते पुलाचे खांब तपासतात, पायाखालची ओली वाळूही. जोराच्या हादऱ्यात ती पातळ चिखलासारखी होते. पण रस्त्यांची खरी परीक्षा नकाशावर. एकेक पूल पेन्सिलीने खोडायचा आणि मोजायचे: किती गावे तुटली? रुग्णवाहिकेला वळसा किती? जुनाट पुलाशेजारी दुसरी वाट असेल तर निभावते. भक्कम पूल एकुलता असेल तर धास्ती मोठी. (पाहणी मात्र बहुधा पुलापुरतीच!) त्या सकाळी सूरजबारी खोडला, तर भुजहून अहमदाबादेकडे जायला उरत होता राधनपूरचा लांबचा फेरा.