माघ वद्यातला मधुचंद्र : भाग पहिला

सोमवार, महानगर, लखनौ

दोघांचीही रजा मंजूर झाली. लग्न मार्गशीर्षात सोलापूरला झालं; मग देवदर्शन, पाहुणे, माझं बिऱ्हाड इकडे हलवणं, यात मधुचंद्र राहूनच गेला. शेजारच्या भाभी म्हणतात, नैनितालला जा. रात्री गाडीत बसलं की सकाळी काठगोदाम. सोयीचं आहे खरं, पण आम्हाला थरचं वाळवंट हवंय. ठरवून केलेल्या लग्नात आधी फोनवर ओळख होते आणि मग एकदम घरभर माणसं. त्याच्याबरोबर मला अशा जागी जायचंय, जिथे पाहून टाकायची ठिकाणं नसतील, हिंडायला बाजार नसेल. तिथे आम्ही एकमेकांना कसे पुरतो, ते बघायचंय.

मंगळवार

तारीख ठरवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. जैसलमेरचा मरुमहोत्सव माघ पौर्णिमेला संपतो. त्या चांदण्यात वाळू सुंदर दिसत असणारच, पण गर्दीही तेव्हाच. शिवाय त्याला चांदणं नकोच आहे, तारे हवेत. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अमावास्येच्या आसपास नव्या जोडप्यानं बाहेर राहायचं नाही." मग कालनिर्णय भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलं. वद्य दशमीला चंद्र पार उत्तररात्री उगवतो. म्हणजे दशमी-एकादशीच्या रात्री वाळूवर काढायच्या आणि महाशिवरात्रीला घर गाठायचं. आईचंही समाधान, त्याचंही. भाभींच्या पंचांगात हाच पंधरवडा फाल्गुनात पडतो, कारण इकडे पौर्णिमेनंतर महिना बदलतो. त्यांना आधी वाटलं आम्ही होळीला निघालोय.

नकाशात लखनौ आणि जैसलमेर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, २७ अंशांच्या किंचित खाली. तारे तेच, पण इथल्या धुक्याधुरात क्षितिजाजवळचा अगस्त्य मला अजून दिसलेला नाही. सोलापूरला तो बराच वर चढायचा. जैसलमेरच्या मोकळ्या क्षितिजावर दिसेल म्हणतो हा. सूर्यही तिथे घड्याळात चाळीसेक मिनिटं उशिरा मावळेल.

बुधवार

मुक्काम कुठे करायचा, यावरून आज आमचं पहिल्यांदा वाजलं. त्याला किल्ल्यात राहायचं होतं. सत्यजित राय यांचा १९७४ चा 'सोनार केल्ला' त्यानं लहानपणी पाहिला, तेव्हापासूनचं त्याचं हे स्वप्न. रावळ जैसलनं ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर बांधलेला किल्ला, आजही आत माणसं नांदतात, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कोणालाही मोह व्हावा.

मी नको म्हटलं ते पाण्यामुळे. ती टेकडी पक्क्या कातळाची नाही, वालुकाश्माच्या जोडीला मऊ, मातकट थर आहेत. गडीसर तलावातून डोक्यावरून पाणी यायचं तेव्हा एकेक तांब्या जपून वापरला जाई. पुढे नळ आले, हॉटेलं झाली, खोलीखोलीत न्हाणीघरं आली आणि सांडपाणी पायात मुरायला लागलं. बुरूज, तट खचायला लागले. १९९६ मध्येच वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. "आपल्या दोन बादल्यांनी काय होणार?" तो म्हणाला. "सगळे दोन-दोनच बादल्या ओततात," मी म्हटलं. थोडा वेळ अबोला झाला. जेवताना तो म्हणाला, किल्ला दिवसा पाहू, झोपायला बाहेर येऊ.

मग वाळू. सगळे जातात समला, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. तंबूंच्या रांगा, टेकड्यांवरून उधळणाऱ्या जीपा, रात्री स्पीकर. व्हिडिओ पाहिले आणि समवर काट मारली. नैऋत्येला खुरी नावाचं गाव आहे. शेणामातीनं सारवलेली घरं, गावाला लागूनच वाळू. तिथल्या एका घरी फोन लावला तर मालकानं आधी विचारलं, "इथे डीजे नसतो, चालेल ना?" मी विचारलं, गाणं ऐकायला मिळेल का? म्हणाला, मांगणियार बोलावता येतील. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या यजमानाच्या घरी जन्माची, लग्नाची गाणी गातात. बकऱ्याच्या कातड्यानं मढवलेल्या गोल पोटाचा कमायचा गजानं वाजवतात. "दोघांसाठीसुद्धा येतील?" "नवी जोडी असेल तर बन्ना-बन्नीची गाणी म्हणतील." बिदागी किती द्यायची ते विचारून घेतलं. घासाघीस केली नाही.

शुक्रवार

खुरी डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे हे कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिथे माळढोक आहे.

मी सोलापूरची. शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज, तिथलं अभयारण्य १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी झालं. बाबा सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून घेऊन जायचे. एकदा रस्त्यापासून जवळच गवतात एक नर उभा होता. माझ्या छातीएवढा उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. तो एक पाय उचलायचा, थांबायचा, मग टेकवायचा. बाबांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही पाय जमिनीला लावून तो दिसेनासा होईपर्यंत तसेच बसून राहिले. आता नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

जगात दोनशेही उरलेले नाहीत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. मादी वर्षाला सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडताना ऐनवेळी वळणं त्याला जमत नाही आणि डोळे बाजूला असल्यानं समोरची तार दिसत नाही. वाळवंटात पवनचक्क्या आणि सौरप्रकल्प वाढले तशा तारा वाढल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या जमिनीखाली घ्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. वीज मलाही हवी आहे. पण पक्ष्याच्या मुलखापुरत्या तारा पुरायला जो खर्च येईल तो करायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. आशेची जागाही आहे: सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत पिल्लं वाढवतात, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं.

हे सगळं मी त्याला रात्री सांगत होते. तो मधे एक शब्द बोलला नाही आणि शेवटी म्हणाला, "बाबांना फोन कर. आपण सुदासरीला जातोय म्हणून सांग." सुदासरी हा पार्कचा गाभ्याचा भाग. नराचा नाच पावसाळ्यातला, तो फेब्रुवारीत दिसणार नाही. नुसता चालताना दिसला तरी पुरे.

रविवार

आज त्यानं मला त्याच्या संस्थेत नेलं. युनिव्हर्सिटी रोडवरची बिरबल साहनी संस्था. तिथे हा जुन्या गाळातले परागकण तपासतो. जीवाश्म बसवलेली कोनशिला पाहिली. ३ एप्रिल १९४९ रोजी नेहरूंनी ती बसवली आणि आठवड्याभरातच साहनी गेले. संस्था पुढे त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी सांभाळली. १९२० मध्ये लग्न झालं तेव्हापासून त्या नवऱ्याच्या दौऱ्यांवर बरोबर असत. साहनींची समाधी आवारातच आहे. मी चपला काढून नमस्कार केला. मधुचंद्राच्या तयारीत समाधीला कुठे नेतोस, असं आई विचारेल कदाचित. मला मात्र त्यानं दाखवलेल्या जागांत ही सगळ्यात आपली वाटली.

तिथेच त्यानं त्याची मागणी पुढे केली: अकल. जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्यावर, अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्या माळावर पडलेत. जिथे आम्ही वाळूसाठी निघालोय, तिथे एकेकाळी दाट जंगल होतं.

मंगळवार, मरुधर एक्सप्रेस

गाडी वाराणसीहून उशिरा आली. धुक्याच्या दिवसांत त्याचं कोणाला काही वाटत नाही. कानपूर, आग्रा, जयपूर करत उद्या जोधपूर, तिथून रात्रीची गाडी जैसलमेरला. सामानात स्वेटर दोन-दोन, कारण वाळू रात्री पार गार पडते. टॉर्चला लाल कागद लावलाय, तारे बघताना डोळे दिपू नयेत म्हणून. आईनं पाठवलेल्या कडक भाकऱ्या आहेत, शेंगांच्या चटणीसकट. त्या महिनोन्‌महिने टिकतात. त्यानं पहिली भाकरी इतक्या जोरात मोडली की तुकडे वरच्या बर्थपर्यंत उडाले. मग मी दाखवलं, कडेकडेनं कशी मोडायची ते.

पहिल्या दिवशी काय, हे अजून ठरायचं होतं. त्याला अकल, मला सुदासरी. सुदासरीचा परवाना जैसलमेर शहरातच काढावा लागतो, म्हणून उतरल्याबरोबर तेच करू, असं मी म्हटलं. त्यानं कबूल केलं, एका अटीवर: अकलला त्याच्या दगडांपाशी मी घाई करायची नाही. मी वचन दिलंय.

(क्रमशः)