बर्फातली वाट राखणारी माणसे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे छोटेसे गाव आहे. मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले. सभोवती शेकडो तळी, पाइनची जंगले आणि पूर्वेकडे लोखंडाच्या खाणी. शंभर वर्षांपूर्वी या खाणींत काम करायला फिनलंड, इटली, स्लोव्हेनिया अशा दूरदूरच्या देशांतून मजूर आले, ते पोटासाठी. त्यांची नातवंडे-पतवंडे आज या भागात राहतात. हिवाळ्याचे चार-पाच महिने इथली जमीन बर्फाखाली असते.

मिनियापोलिस शहरात आमचा पुतण्या नोकरी करतो. फेब्रुवारीत आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या कारखान्यात एक फिटर आहे, त्याचे माहेरघरच ग्रँड रॅपिड्सजवळ. “काका, काकू, दोन-चार दिवस तिकडे जाऊन येऊ. बर्फातल्या गाड्या पाहाल आणि माणसेही पाहाल,” असे पुतण्या म्हणाला. तीन तासांचा मोटारीचा प्रवास करून आम्ही तिथे पोहोचलो. पारा शून्याखाली वीस अंश होता. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होत.

बर्फातली गाडी म्हणजे स्नोमोबाइल. बसायची पद्धत मोटारसायकलसारखी. पुढे चाकाऐवजी बर्फावर घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मागे इंजिनावर फिरणारा रुंद रबरी पट्टा. गुलमर्गला किंवा मनालीजवळ सोलंगला सहलीला गेलेल्या आपल्या मंडळींनी तिला ‘स्नो स्कूटर’ म्हणून पाहिले असेल. नवी गाडी महाग असते. म्हणून इथले बरेच कामगार जुनी विकत घेतात आणि घरच्या पडवीत स्वतः दुरुस्त करतात.

गाडी कुणीही विकत घेऊ शकेल, पण ती चालवायची कुठे? मोटारीच्या रस्त्यावर ती नेता येत नाही. तिला वेगळी वाट लागते. मिनेसोटात अशा वाटा सुमारे 22 हजार मैल, म्हणजे 35 हजार किलोमीटर आहेत. आपल्या भारतीय रेल्वेच्या साऱ्या मार्गाची जवळजवळ निम्मी लांबी! त्यातील बहुतेक वाटा सरकारी नोकर राखत नाहीत. गावोगावच्या स्नोमोबाइल क्लबांचे सभासद त्या बिनपगारी राखतात. गाड्यांच्या नोंदणी शुल्कातून आणि पेट्रोलवरील कराच्या लहानशा वाट्यातून राज्य सरकार क्लबांना अनुदान देते. परंतु अंगमेहनत सभासदांची. वेळप्रसंगी पदरमोडही त्यांचीच.

आम्ही ज्या क्लबाचे पाहुणे होतो, त्यात खाणकामगार होते, ट्रकचालक होते, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई होत्या, एक निवृत्त पोस्टमन होते. या क्लबाचे काम बर्फ पडल्यावर नव्हे, पानगळीच्या दिवसांतच सुरू होते. वाटेवर आलेला झाडोरा करवतीने छाटायचा. पडलेली झाडे ओढून बाजूला करायची. ओढ्यांवरचे लाकडी पूल तपासायचे, कुजलेल्या फळ्या बदलायच्या. मग वळणाच्या, थांबण्याच्या, धोक्याच्या खुणा रोवायच्या. अंधारात दिव्याच्या उजेडाने चमकतील अशा त्या पाट्या असतात. ज्याला गाडी चालवता येत नाही त्यालाही काम आहे. कुणी जमाखर्च लिहितो, कुणी अनुदानाचे कागद भरतो, कुणी मुलांना सुरक्षिततेचे धडे देतो. निधीसाठी रविवारी सकाळी धिरड्यांसारख्या पॅनकेकची न्याहारी विकतात. त्या न्याहारीला तव्यापुढे पुरुष उभे होते आणि गल्ल्यावर बाया बसल्या होत्या, याची सौभाग्यवतींनी मुद्दाम नोंद घेतली.

रात्री आठनंतर आम्हाला वाट सारखी करण्याचे काम पाहायला मिळाले. दिवसभर गाड्या धावून वाटेवर उंचवटे आणि खड्डे पडतात. मोठ्या ट्रॅक्टरमागे लोखंडी पात्यांचा सांगाडा जोडतात. आपण शेतात वखर घालतो तसाच हा प्रकार. पाती उंचवटे कापतात, खड्डे भरतात आणि मागचा भाग बर्फ दाबून बसवतो. हे काम रात्रीच का? रात्री वर्दळ कमी आणि थंडी जास्त. दाबलेला बर्फ सकाळपर्यंत घट्ट बसतो. ट्रॅक्टर ताशी दहा-बारा किलोमीटरने चालतो. म्हणजे एका खेपेला अख्खी रात्र जाते. त्या रात्री चालवायला बसल्या होत्या त्या शाळेतल्या स्वयंपाकीण बाई. दिव्याच्या झोतात पांढरी वाट, दोन्ही बाजूंना काळी झाडे आणि मध्येच थांबून पाहणारे हरीण. आम्ही विचारले, “बाई, झोपता कधी?” त्या हसून म्हणाल्या, “उद्या सुट्टी आहे. आणि सकाळी पहिली गाडी या वाटेवरून जाईल ना, तेव्हा मला फार बरे वाटते.”

पण या वाटेची खरी ताकद ट्रॅक्टरात नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी क्लबाच्या मासिक सभेत समजले. वाट सरकारी जंगलातून जाते, तशी लोकांच्या खासगी जमिनीतूनही जाते. शेतकरी परवानगी देतो, बहुधा एक पैसाही न घेता. तो कधीही ती काढून घेऊ शकतो. त्या सभेत चिटणिसांनी एक पत्र वाचून दाखवले. कुणा स्वारांनी खुणांची वाट सोडून एका वृद्ध शेतकऱ्याच्या नव्या लावलेल्या पाइनच्या रोपांवरून गाड्या नेल्या होत्या. बर्फाखाली रोपे दिसत नाहीत, पण मोडतात. शेतकऱ्याने कळवले होते : यापुढे माझ्या जमिनीतून वाट नाही.

सभागृहात शांतता पसरली. त्यांचा तो तुकडा गेला तर दोन बाजूंच्या वाटा एकमेकींपासून तुटणार होत्या. एक तरुण म्हणाला, “गाड्या आपल्या सभासदांच्या नव्हत्याच, बाहेरच्यांच्या होत्या.” त्यावर निवृत्त पोस्टमन उठले. म्हणाले, “त्यांच्या दृष्टीने आपण सगळे एकच. वाट आपण मागितली होती, शब्द आपण दिला होता.”

दुसऱ्या दिवशी तिघे जण त्या शेतकऱ्याकडे गेले. पाहुणे म्हणून आम्हीही मागे उभे होतो. कुणी सबबी सांगितल्या नाहीत. आधी माफी मागितली. मग विचारले, किती रोपे गेली? वसंतात नवी रोपे आणून लावून देऊ, वाट कुंपणाच्या कडेने वळवू, रोपांभोवती खुंट रोवू. म्हातारबुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घरात बोलावून सर्वांना कॉफी दिली आणि सही केली. सही एकाच वर्षाची. “पुढच्या वर्षी पुन्हा या, तेव्हा पाहू,” असे त्यांनी बजावले. त्याच दुपारी क्लबाची माणसे खुंट घेऊन बर्फात उतरली.

वाट मिळाली तरी तिच्यावर शिस्त लागते. मिनेसोटात 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्या रहिवाशाला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. क्लबाच्या खोलीत बारा-तेरा वर्षांची मुले वही घेऊन बसली होती. डावा हात सरळ वर केला की थांबा. गोठलेल्या तळ्यावर माणसाला चालायला किमान 4 इंच बर्फ हवा, गाडीला 5 ते 7 इंच. आणि एवढा असला तरी बर्फाची पूर्ण खात्री कधीच धरू नये. दारू पिऊन गाडीला हात लावायचा नाही. शिकवणारे गुरुजीही बिनपगारी स्वयंसेवकच होते.

ही गाडी आज मौजेची झाली आहे, पण तिच्या मुळाशी एक दुःख आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर गावी जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए नावाचे मेकॅनिक राहत होते. 1934 च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने रस्ते बंद होते. दवाखान्यात नेता आले नाही आणि मूल दगावले. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे त्यांचे प्रयोग आधीपासून चालू होते. ते त्यांनी नेटाने पुढे नेले. 1937 मध्ये पेटंट मिळाले आणि अनेक माणसे बसतील अशी बर्फगाडी तयार झाली. पुढे 1959 मध्ये त्यांची ‘स्की-डू’ ही छोटी गाडी बाजारात आली. ओढ्याला पूर आला म्हणून आजारी माणसाला बाजेवर घालून नेणारी गावे आपल्याकडे आहेत. त्या बापाचे दुःख आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. वाट बंद असणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच वाटेचे मोल कळते.

आता या क्लबांपुढे नवे संकट आहे. 2023-24 चा हिवाळा मिनेसोटात नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत उबदार ठरला. बर्फच नीट पडला नाही आणि कित्येक वाटा हंगामभर बंद राहिल्या. ज्या खाणावळी आणि पेट्रोलपंप हिवाळी पाहुण्यांवर चालतात, त्यांचा धंदा बसला. आमच्या यजमान क्लबाच्या लोकांनी त्या वर्षीही पानगळीत झाडोरा छाटला होता, पूल दुरुस्त केले होते, पाट्या रोवल्या होत्या. ट्रॅक्टर मात्र जागचा फारसा हलला नाही. आम्ही विचारले, “मग ते सारे श्रम फुकट गेले?” पोस्टमन म्हणाले, “फुकट कसे? पूल भक्कम झाले. शेतकऱ्यांकडे जाऊन बसणे झाले. नवी पाच मुले करवत धरायला शिकली.”

सभासदांची वये वाढत आहेत, हीही त्यांची चिंता आहे. म्हणून गावात नवा माणूस राहायला आला की क्लबाचे कुणीतरी त्याच्या दारात जाते आणि विचारते, “शनिवारी दोन तास मोकळे आहात का?” वर्गणीचे नंतर बोलतात, आधी काम देतात. आपली मंडळे, वाचनालये आणि वस्तीतल्या समित्या चालवणाऱ्यांनी ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पैसे देणारा एकदा देऊन विसरतो. ज्याने स्वतः खुंट रोवला, तो येता-जाता त्या खुंटाकडे पाहतो.

मार्च अखेरीस बर्फ वितळू लागतो आणि हंगाम संपतो. क्लबाची माणसे पुन्हा शेतांत जातात. खुणा उपटतात, पडलेला कचरा वेचतात, तुटलेली कुंपणाची तार बांधून देतात आणि ज्याची जमीन त्याला स्वच्छ करून परत करतात. एप्रिलमध्ये तिथून जाणाऱ्या परक्या माणसाला इथे वाट होती असे वाटणारही नाही. आणि म्हणूनच पुढच्या डिसेंबरात ती पुन्हा उघडते.