पंचवीस म्हणताना पाच आधी

दिवाळीच्या तोंडावर वाशिम जिल्ह्यात रस्तोरस्ती सोयाबीनच्या ट्रॉल्या दिसतात. अशाच एका हंगामात रिसोड तालुक्यातल्या वजनकाट्याचे आकडे सर्व्हरवर पाठवायचं काम माझ्याकडे होतं. पायथॉनमध्ये सॉकेट उघडायचं, वजन दोन बाइटांत बसवायचं, पाठवायचं. पहिल्याच दिवशी २५४० किलोचा माल पलीकडे ६०४२५ किलो म्हणून उतरला.

प्रोग्राम बंद पडला नाही, एरर आली नाही. मजकूर बिघडला तर डोळ्यांना दिसतो. बाइट उलटले तरी त्यांचा आकडाच होतो. बायनरीची मला भीती वाटते ती यामुळे. २५४० म्हणजे नऊ वेळा २५६ आणि वर २३६. माझ्या इंटेलच्या संगणकाने २३६ आधी ठेवले, पलीकडे पहिला बाइट मोठा धरला गेला.

मराठी माणसाला हे जड जाऊ नये. २५ लिहिताना आपण दोन आधी लिहितो, म्हणताना पाच आधी म्हणतो. एकशे पंचवीसमध्ये तर आधी शंभर, मग पाच, मग वीस! रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली, म्हणून घोटाळा होत नाही. यंत्रांना ती ठरवून द्यावी लागते. कोणता बाइट आधी, या वादाला डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंड्याच्या टोकांवरून भांडणाऱ्यांची नावं दिली. इंटरनेटवर मोठा बाइट आधी, असं ठरलेलं आहे. पायथॉनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये त्यासाठी एक उद्गारचिन्ह पुरतं. मी ते लिहिलं नव्हतं.

खरा घाम काढला तो बाइट पलीकडे पोहोचवणाऱ्या टीसीपीने. तो बाइट गाळत नाही, क्रम मोडत नाही, पण नोंदीची हद्द राखत नाही. कट्टे सोडून सोयाबीन ढिगावर ओतलं की कोणता कट्टा कुठे संपला ते ढीग सांगत नाही. घरी टेबलावर प्रत्येक नोंद अख्खी यायची. मोबाइल नेटवर्कवर कधी अर्धी, कधी दीड. हजार बाइट मागितले तर रिसीव्ह हजारापर्यंत देतो, हजारच देईल असं नाही. आता मी नोंदीआधी तिची लांबी पाठवतो आणि तेवढे बाइट हाती येईपर्यंत वाचत राहतो. काटा स्थिर झाल्याशिवाय मापारी आकडा उच्चारत नाही, तसं.

छापील पावतीवर २५४० होतं, म्हणून त्या शेतकऱ्याचा हिशोब वाचला. तुम्ही काट्याशी बोलणारा प्रोग्राम लिहिणार असाल, तर दोन्ही बाइट वेगळे येतील असं एक वजन निवडा, ते कागदावर हाताने मांडा आणि पलीकडे तेच उतरतं का, हे हंगामाआधी तपासा.