बग म्हणजे नेमका कोणता किडा?

दवाखान्यात एक शब्द हल्ली वारंवार ऐकतो. पुण्याहून सुट्टीला आलेला तरुण म्हणतो, "डॉक्टर, बहुतेक स्टमक बग झालाय, एखादी अँटिबायोटिक द्या." गावाकडचे आजोबा म्हणतात, "कायतरी किडं चावलंय." एक शब्द इंग्रजी, दुसरा आपला. पण दोन्ही इतके ऐसपैस आहेत की त्यावरून आजार कोणता ते कळत नाही. म्हणून आज या 'बग'विषयी.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. साताऱ्याला शाळेत असताना बग म्हणजे ढेकूण एवढंच मी शिकलो. शब्द लगेच पाठ झाला, कारण ढेकूण ओळखीचे होते. उन्हाळ्यात आई बाज अंगणात ओढायची, तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची आणि गाद्या दिवसभर उन्हात टाकायची.

पुढे एमबीबीएसला मिरजेत आलो. मायक्रोबायोलॉजीत कल्चरचा रिपोर्ट आला की सीनियर विचारायचे, "बग कुठला?" म्हणजे जिवाणू कोणता? ढेकणाचा तिथे काहीच संबंध नव्हता. प्राणिशास्त्रात अर्थ आणखी वेगळा: सोंडेने टोचून रस किंवा रक्त शोषणाऱ्या कीटकांचा एक गट. ढेकूण त्यातलाच, आणि शेतातला मावा, तुडतुडेही त्यातलेच. २००२ च्या सुमारास आपल्या भागातल्या उसावर लोकरी मावा आला होता, तोही शास्त्राच्या भाषेत बगच. अमेरिकेत तर झुरळापासून कोळ्यापर्यंत कशालाही बग म्हणतात. १९४७ साली हार्वर्डच्या एका कॉम्प्युटरमध्ये खराच पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीने वहीत लावून ठेवला गेला. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत मात्र त्याच्याही आधीची.

बोलताना शब्द सैल असला तर बिघडत नाही. औषध ठरवताना बिघडतं.

पोटातला बग

'स्टमक बग' म्हणजे पोटात किडा नव्हे आणि जंतही नव्हेत. उलट्या-जुलाबाचा हा त्रास बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. इथे खरं औषध म्हणजे ओआरएस, घोट घोट आणि वारंवार. जुलाबात रक्त पडणं, जास्त ताप, लघवी कमी होणं किंवा गुंगी येणं, यातलं काही दिसलं तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. गरज नसताना घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. वर्तमानपत्रं ज्याला 'सुपरबग' म्हणतात, तो हाच.

चावणारा बग

इथे प्रत्येक किड्याचा हिशेब वेगळा आहे. ढेकूण चावल्यावर खाज सुटते, झोप उडते, पण आपल्याकडे त्याच्यामुळे एकाचा आजार दुसऱ्याला होत नाही. पिसू मात्र प्लेग पसरवते. उंदरावरच्या पिसवेचा हा उद्योग पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवला. गोचिडीमुळे माकडताप होतो. सिंधुदुर्गात २०१६ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. खरूज होते ती कातडीत बिळं करणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे. म्हणून मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. गोचीड आणि खरजेचा किडा यांना आठ पाय असतात. शास्त्राप्रमाणे ते कीटक नव्हेतच, कोळ्याचे भाऊबंद.

न दिसणारा बग

सगळ्यांत जास्त चकवतो तो चिगर. हा माईट जातीच्या किड्याचा पिल्लू-अवस्थेतला प्रकार, गवतात आणि झुडपांत राहणारा, सहज नजरेला न दिसणारा. त्याच्यामुळे स्क्रब टायफस होतो. टायफॉइडशी नाव जुळतं, पण आजार अगदी वेगळा. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात याचे बरेच रुग्ण सापडले होते. त्याच्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात 'त्सुत्सुगामुशी' हा जपानी शब्द आहे, आणि त्यातल्या 'मुशी'चा अर्थ किडा.

अडचण अशी की आठवडाभराच्या तापाने आलेल्या आजींना "काही चावलं होतं का?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "न्हाई डॉक्टर, काय चावल्यालं आठवत न्हाई." त्या खरंच सांगत असतात. हा चावा कळतच नाही, आणि ताप येतो तो साधारण आठ-दहा दिवसांनी. म्हणून मी विचारतो, "गवत कापायला, वैरणीला, जळण आणायला गेला होता का?" मग काख, जांघ, कंबरेची नाडी बांधायची जागा, स्तनाखालची घडी तपासतो. तिथे कधी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी काळी खपली सापडते. ती प्रत्येकाला नसते, पण दिसली तर निदान बरंच सोपं होतं.

तापासाठी नेहमी वापरली जाणारी बरीच अँटिबायोटिक्स या आजारावर चालत नाहीत. डॉक्सीसायक्लीनसारखं स्वस्त औषध वेळेवर मिळालं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदूपर्यंत त्रास जातो आणि जीवही जाऊ शकतो.

डॉक्टरांना काय सांगाल?

किड्याचं नाव माहीत नसलं तरी चालेल. गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, रानात, गोठ्यात कुठे गेला होता, ते सांगा. घरात उंदीर, जनावरं आहेत का, घरात आणखी कुणाला खाज किंवा ताप आहे का, तेही सांगा. अंगावर खपली किंवा पुरळ असेल तर लाजू नका, दाखवा. गवतात काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या गवतावर आडवे होऊ नका, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे बदला. आणि ताप पाच दिवसांच्या वर गेला तर घरी थांबू नका.

(हा लेख माहितीसाठी आहे. कोणतंही औषध आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावं.)