फिरतोय हो, फिरतोय!

नुसती पाती नव्हेत, मानसुद्धा! डावीकडून उजवीकडे जाते, कडेला पोचल्यावर जराशी अडखळल्यासारखी थांबते आणि पुन्हा डावीकडे वळते. इंग्लंडमध्ये बनलेला जी.ई.सी.चा हा टेबलफॅन बिडाच्या बुंध्याचा आणि पितळी पात्यांचा आहे, आणि त्याची मान वळवणारा गिअर भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझ्या डोळ्यांदेखत कापला गेलाय! तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

पंखा मिळाला पुण्याच्या जुन्या बाजारात. गंजके नळ, बंद घड्याळं, रेडिओचे सांगाडे आणि त्यांच्या मधोमध हा काळाकभिन्न ऐवज. एका हातानं उचलेना. नेमप्लेटवरची अक्षरं मात्र बोटानं धूळ पुसताच लख्ख वाचता आली. विकणारा प्रामाणिक होता. म्हणाला, "शोपीस म्हणून ठेवा साहेब, ह्याचे पार्ट मिळत नाहीत." मिक्सरपासून मोबाइलपर्यंत हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की ते ऐकलं की वस्तू भंगारातच टाकायची. पण पार्ट मिळत नसला तरी करून घेता येतो, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं!

मागचं झाकण उघडलं आणि मी खुळावलोच. मोटरच्या शाफ्टच्या शेपटाला आटे पाडलेले, तो वर्म. त्यात अडकणारा दातेरी गिअर, त्याच्या पुढे आणखी एक गिअर, मग चकती आणि चकतीला जोडलेला दांडा. मोटर मिनिटाला हजारावर फेरे घेते, पण दांड्यापर्यंत येता येता तो वेग इतका उतरतो की मान संथपणे वळते. सगळं डोळ्यांना दिसतं, बोटानं फिरवता येतं, आणि काहीही चिकटवून बंद केलेलं नाही. दोष शोधायलाही कष्ट पडले नाहीत. वर्मला लागणाऱ्या गिअरचे दात झिजून सपाट झाले होते. तो गिअर हायलमचा, म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेल्या पदार्थाचा. असा नरम पदार्थ का, तर झिजायचंच झालं तर त्यानं झिजावं आणि पोलादी वर्म शाबूत राहावा. बनवणाऱ्यानं दुरुस्ती गृहीतच धरलेली!

भोसरीच्या वर्कशॉपवाल्या काकांनी गिअर उजेडात धरला, दात मोजले, कॅलिपर लावला आणि म्हणाले, "हा इंची आहे. मेट्रिक कटर चालणार नाही." मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. जुन्या इंग्रजी आणि अमेरिकन गिअरचं माप डायमेट्रल पिचमध्ये, म्हणजे व्यासाच्या एका इंचामागे किती दात या हिशेबात. आजचे बहुतेक कटर मॉड्यूलचे, मिलिमीटरच्या हिशेबाचे. 24 पिचच्या 24 दाती गिअरचा पिच व्यास एक इंच, म्हणजे 25.4 मिमी. तोच एक मॉड्यूलनं कापला तर 24 मिमी. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतील, पण जागेवर बसवले तर दातात दात येणार नाही! काकांनी खणातून जुना इंची कटर काढला तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आधी ओळखीच्या एका मुलाकडून थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा नमुना काढून घेतला. पीएलए साधारण 60 अंशांना मऊ पडतं, त्यामुळे तापणाऱ्या मोटरशेजारी ते टिकायचं नाही, पण माप पारखायला उत्तम. माप जुळलं. मग काकांनी हायलमची चकती लेथवर टर्न केली, मिलिंग मशिनवर डिव्हायडिंग हेडला बांधली आणि एकेक दात किंचित तिरपा कापत गेले. बारीक तपकिरी भुसा उडत होता, आणि एक दात झाला की काका हेड मोजून पुढच्या दातावर आणत होते. कुठल्याच दुकानात न मिळणारी वस्तू समोर आकार घेत होती!

मग मला चटकच लागली. गनमेटलचे नवे बुश, तेल धरून ठेवणारे नमद्याचे तुकडे, आणि रबर भुगा झालेल्या वायरच्या जागी जुन्या चालीची कापडी वेष्टणाची तीन तारांची वायर, म्हणजे अर्थिंगही आलं. एक पातं चेपलेलं होतं, ते तांबट आळीत एका कारागिरानं लाकडी हातोडीनं हलकेच सरळ करून दिलं. पात्यांची टोकं एका रेषेत आली आणि थरथर गेली.

रात्री वाचत बसलो तर जगच उघडलं. 1880च्या दशकात अमेरिकेत स्कायलर व्हीलर यांनी केलेला टेबलफॅन दोनच पात्यांचा आणि बिनजाळीचा होता! शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीत काम केलेल्या फिलिप डील यांनी छताचा पंखा आणला. इंडियाना राज्यातल्या झायन्सव्हिल गावी तर जुन्या पंख्यांचं संग्रहालयच उभं राहिलं. तिकडचे हौशी लोक एकमेकांसाठी गिअर कापतात, बिल्ले ओततात, जाळ्या वळतात. म्हणजे पार्ट करून घेणारे कितीतरी आहेत!

तुमच्याही माळ्यावर असा पंखा असेल तर आधी खाली काढा, पण लगेच प्लगला लावू नका. वायर बदला, नेमप्लेटवर एसी आहे की डीसी ते बघा, एसी पण 110 व्होल्टचा असेल तर ट्रान्सफॉर्मर घ्या. पहिल्यांदा चालवताना जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून सिरीज बल्बवर तपासून घ्या. खोबरेल घालू नका, थंडीत ते गोठतं. शिवणयंत्राचं पातळ तेल चालतं. जुन्या जाळीतून बोट सहज आत जातं, म्हणून लहान मुलांपासून लांब ठेवा. आणि झिजलेला, तुटलेला पार्ट कितीही निकामी दिसला तरी टाकू नका. तो घेऊन जवळच्या लेथवाल्याकडे जा, कारण नवा पार्ट त्याच्याच मापावरून बनणार आहे.