जपानच्या पावसात छताखाली

जपान पाहावयाचे तर मार्च-एप्रिलमध्ये, साकुराची फुले बहरात असताना पाहावे, असे जो तो सांगतो. परंतु त्या दिवसांतले विमानाचे तिकीट आमच्यासारख्या पगारदार माणसाच्या खिशाला झेपणारे नसते. अक्काचा मुलगा ओसाका शहराजवळ एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याने हिशेब करून कळविले की जूनच्या मध्यावर या, तिकीट स्वस्त मिळेल, राहणे-जेवणे माझ्या घरी. फक्त पाऊस असेल. पावसाचे आम्हाला काय कौतुक! पत्र्याच्या घरात आषाढ-श्रावण काढलेली माणसे आम्ही. तेव्हा आम्ही पतिपत्नी आणि अक्का असे तिघे छत्र्या घेऊनच निघालो.

तिकडच्या पावसाळ्याला 'त्सुयु' म्हणतात. आलुबुखाराच्या जातीचे 'उमे' नावाचे फळ त्या सुमारास पिकते, म्हणून लिहिताना ते 'उमेचा पाऊस' असे लिहितात. ओसाका, क्योतो, नारा या भागात तो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. मुंबईसारखा धो धो कमी, भिजपाऊस जास्त. दिवसभर टिपटिप आणि अंगाला चिकट घाम. फुजी पर्वत ढगात, बागा चिखलात. म्हणून या लेखात आम्ही फक्त छताखाली पाहता येईल तेवढेच सांगणार आहोत.

पहिला दिवस बाजारातच गेला. ओसाकात 'तेनजिनबाशी-सुजी' नावाची बाजारपेठ आहे. अडीच किलोमीटरहून लांब आणि वरून छप्पर! जपानमधली ही सर्वांत लांब छपराची पेठ. चपलांपासून चहापर्यंत सर्व दुकाने आहेत आणि नुसते पाहत फिरण्यास पैसे लागत नाहीत. कोणत्याही दुकानात शिरताना ओली छत्री प्लॅस्टिकच्या लांब पिशवीत घालावयाची किंवा दाराशी लावून ठेवावयाची. अक्काने आपली छत्री दाराशी ठेवण्यास साफ नकार दिला. परत निघेपर्यंत ती तिच्या काखेतच होती.

दुसऱ्या दिवशी क्योतो. स्टेशनपासून पायी जाण्यासारखी दोन प्रचंड मंदिरे आहेत, पूर्व होंगान्जी आणि पश्चिम होंगान्जी. दोन्ही जोदो शिन्शू या पंथाची मुख्य पीठे. प्रवेश मोफत आहे. पूर्व होंगान्जीचे आताचे मुख्य सभागृह १८९५ साली पूर्ण झाले. ते बांधताना मोठाले वासे ओढण्यास साधे दोर पुरेनात, तेव्हा देशभरातील श्रद्धाळू स्त्रियांनी आपले केस कापून पाठविले आणि त्या केसांचे दोरखंड वळले गेले. त्यातला एक दोर तेथे ठेवलेला आहे. काळाभोर, मनगटाहून जाड. आमच्या आयुष्यमती त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. हा दोर वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

तेथून बसने 'सान्जूसान्गेन्दो'. सुमारे १२० मीटर लांबीचा लाकडी दिवाणखाना आणि त्यात अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती. मध्यभागी एक मोठी बसलेली, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या पाचशे पाचशे उभ्या. पहिली इमारत १२४९ च्या आगीत जळाली, आताची १२६६ ची आहे. बाहेर पावसाचा आवाज आणि आत अंधारात सोन्याचा मुलामा चमकतो आहे! प्रत्येक मूर्तीला ११ मुखे आहेत. आमच्या वाचकांपैकी जे बोरिवलीची कान्हेरी लेणी पाहून आले असतील त्यांनी ४१ क्रमांकाच्या लेण्यात ११ मुखांचा अवलोकितेश्वर पाहिला असेल. तोच हा, समुद्र ओलांडून गेलेला. मूर्तींच्या पुढे २८ रक्षक उभे आहेत, आणि पाटी वाचून भाचा सांगू लागला तर त्यात महेश्वर, नारायण, गरुड अशी मंडळी! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला ही मंडळी इतक्या दूरही भेटावी याची गंमत वाटली. परंतु येथे ती पहारेकरी म्हणून उभी आहेत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. आत जोडे काढावे लागतात, फोटो काढू देत नाहीत. पिशवीत मोज्यांचा कोरडा जोड अवश्य ठेवावा.

तिसऱ्या दिवशी नारा येथील तोदाइजी विहार. येथील बुद्धमूर्ती कांस्याची, सुमारे १५ मीटर उंच. सम्राट शोमू याने ७४३ साली ती घडविण्याची आज्ञा काढली, आणि त्या आज्ञेत असे होते की गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन कोणी हातभार लावावयास आला तरी त्याला नाही म्हणू नये. लोकांमध्ये फिरून मदत उभी करण्याचे काम ग्योकी या भिक्खूने केले. हा भिक्खू पूल बांधी, तळी खोदी. त्याच्याभोवती गोरगरीब जमतात म्हणून पूर्वी सरकारनेच त्याच्यावर बंदी घातली होती! ७५२ साली मूर्तीचे डोळे रेखाटण्याचा समारंभ झाला. कुंचला धरला भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्खूने. कुंचल्याला लांबलचक दोरा बांधलेला होता आणि जमलेल्या लोकांनी तो धरला होता, म्हणजे डोळे सर्वांनी मिळून रेखाटले असे व्हावे. विहाराच्या बांधकामाची वर्गणी ज्यांनी दारोदार फिरून गोळा केली आहे त्यांना हे वाचून काय वाटेल ते आम्ही सांगावयास नको.

पावसाच्या दिवशी येथे आवर्जून जावे असे आम्ही म्हणतो त्याला दुसरे कारण आहे. १५६७ च्या लढाईत हे सभागृह जळाले. पुढे घातलेले तात्पुरते छप्पर १६१० च्या वादळाने उडविले. तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षे ही मूर्ती उघड्यावर पावसात भिजत बसली होती. कोकेइ नावाच्या भिक्खूने लहानपणी ते दृश्य पाहिले आणि बुद्धाला छप्पर घालावयाचेच असे मनाशी घेतले, असे सांगतात. त्याने गावोगाव फिरून निधी जमविला. १६९२ साली मूर्तीची दुरुस्ती झाली. सभागृह १७०९ साली पूर्ण झाले, पण ते पाहण्यास कोकेइ राहिला नव्हता, तो १७०५ सालीच वारला. आताची इमारत ५७ मीटर रुंद आहे. मूळची याहून बरीच रुंद होती. आम्ही आत उभे असताना वर छपरावर पाऊस वाजत होता आणि मूर्ती कोरडी होती. त्रिसरण म्हणून आम्ही थोडा वेळ बसलो.

जवळच नाराचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, १८९५ पासूनचे. बुद्धमूर्तींसाठी उत्तम. अर्धा दिवस हवा. आम्ही दीड तासात पाहिले.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते ठिकाण. नारा प्रांतातच गोसे नावाचे लहान शहर आहे. वाकिगामी या छोट्या रेल्वे स्टेशनावर उतरून पंधराएक मिनिटे चालले की काशिहारा ही वस्ती येते. प्रवासी कंपन्यांच्या सहलीत हे नाव आम्हाला कोठे दिसले नाही. तेथे १९९८ साली 'सुइहेइशा संग्रहालय' उघडले. सुइहेइशा ही जपानच्या अस्पृश्यांची चळवळ.

होय, बौद्ध जपानमध्ये अस्पृश्य होते. कातडे कमाविणारे, मेलेली जनावरे ओढणारे, फाशीची कामे करणारे. त्यांना 'एता' म्हणत. त्याची अक्षरे 'विटाळाने भरलेला' अशा अर्थाची आहेत. वस्ती वेगळी, लग्नसंबंध बंद. १८७१ च्या सरकारी फर्मानाने हे सर्व कागदावर रद्द झाले, पण कागदावरच. आज त्यांना 'बुराकु' म्हणजे वस्तीचे लोक म्हणतात. रंग तोच, भाषा तीच, धर्मही तोच. आमच्याकडे आडनाव विचारतात, तेथे पत्ता शोधतात. १९७५ साली उघडकीस आले की अशा वस्त्यांच्या पत्त्यांची गुप्त पुस्तके छापली जात आणि मोठमोठ्या कंपन्या ती विकत घेऊन नोकरीचे अर्ज चाळत. कचेरीत अर्जांच्या फायली हाताळण्यात आमचे आयुष्य गेले आहे, त्यामुळे ते पुस्तक कोणत्या टेबलाच्या खणात राहत असेल हे आम्हाला डोळ्यांपुढे दिसले.

काशिहारा ही अशीच एक वस्ती. संग्रहालयाजवळच साइकोजी नावाचे मंदिर आहे. तेथल्या पुजाऱ्याचा मुलगा साइको मान्किची, जन्म १८९५. देवळात जन्मूनही त्याचा विटाळ गेला नाही, कारण ते 'त्यांचे' देऊळ होते. त्याने, सरेस बनविणाऱ्या घरातल्या साकामोतो सेइइचिरोने आणि कोमाई किसाकुने काही सोबती जमविले, आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतोच्या सभागृहात दोन-तीन हजार लोकांसमोर सुइहेइशाची स्थापना झाली. सोळा वर्षांचा एक मुलगा व्यासपीठावर उभा राहून शाळेत काय सोसावे लागते ते बोलला. साइकोने लिहिलेल्या जाहीरनाम्याचा आशय असा की आजवर पुष्कळांनी आमच्यावर दया दाखविली, त्या दयेने आम्हाला आणखी खाली नेले. आता आमची सुटका आम्हीच करू. आमच्याकडे महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. त्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट.

'सुइहेइ' हा शब्द दोन अक्षरांचा आहे : पाणी आणि सपाट. पाण्याची पातळी जशी सगळीकडे सारखी, तसा समाज. भाच्याने हे काचेवर बोटाने लिहून दाखविले तेव्हा अक्का म्हणाली, "म्हणजे यांचंबी पाण्यावरूनच!"

आत चळवळीचा ध्वज आहे, काळ्या कापडावर लाल काटेरी मुकुट. जाहीरनामा आहे, जुनी छायाचित्रे आहेत. येथील कागदपत्रांना २०१६ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या स्मृतिपटात स्थान मिळाले. त्यात कोरियातील खाटीक-चांभारांच्या १९२३ सालच्या ह्योंगप्योंगसा या चळवळीशी असलेल्या संबंधांचे कागदही आहेत. मात्सुमोतो जिइचिरो या नेत्याची हकीकत आम्हाला विशेष आवडली. ते १९४७ साली वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. सम्राटापुढे पाठ होऊ नये म्हणून खेकड्यासारखे आडवे चालण्याची रीत होती. १९४८ साली मात्सुमोतोंनी तसे चालण्यास नकार दिला.

आणि आता तो केसांचा दोर. बुराकु लोकांपैकी बहुसंख्य जोदो शिन्शू पंथाचेच. पंथाची शिकवण अशी की अमिताभ बुद्धापुढे सर्व सारखे, परंतु त्यांच्या देवळांना वेगळी पायरी. काही पंथांच्या मंदिरांतून तर या लोकांना मेल्यानंतर जे धम्मनाम देत त्यातही 'जनावर', 'कातडे' अशा अर्थाची अक्षरे घालीत आणि ती थडग्यावर कोरीत. सुइहेइशाने १९२२ सालीच पूर्व आणि पश्चिम दोन्ही होंगान्जींना कळविले की पुढील वीस वर्षे आम्ही तुम्हाला कोणत्याही नावाने वर्गणी देणार नाही! गरिबांनी मंदिराला काय काय दिले ते आम्ही क्योतोत पाहून आलो होतो. तेच हात आखडते घेतले तेव्हा पीठांना जाग आली. १९७९ साली एका जागतिक धर्मपरिषदेत दुसऱ्या एका बौद्ध पंथाच्या प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असे सांगितले होते. पुढे ते विधान मागे घ्यावे लागले. भेदभाव नष्ट करण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ साली.

दीक्षा घेतली की जात गेली असे आपण सभांमधून बोलतो. बाबासाहेबांनी धम्म देताना बावीस प्रतिज्ञा सोबत का दिल्या, हे नुसत्या बुद्धमूर्ती पाहून क्योतोत कळले नसते, ते गोसेला कळले. अक्काला सरेसाची गोष्ट मनाला लागली. आमच्या आजोबांच्या पिढीने मेलेली जनावरे ओढणे सोडले तेव्हा गावाने दाणे बंद केले होते, ते ती भाच्याला मराठीतून सांगत राहिली. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंनी, न कळताही, ते उभे राहून ऐकले.

निघताना पावसाची सर आली म्हणून साइकोजीच्या वळचणीला थांबलो. अक्काने नाणे काढले आणि भाच्याला म्हणाली, "आधी विचार, हे पैसे इथंच राहतात का वर क्योतोला जातात?"

असेच एक मोठे संग्रहालय ओसाकात १९८५ पासून होते. त्याचे सरकारी अनुदान २०१३ साली थांबले, पुढे जागेवरून कोर्टकचेरी झाली आणि २०२० च्या मे अखेरीस ते बंद झाले. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत अजून त्याचे नाव सापडते, म्हणून मुद्दाम लिहिले. गोसेला जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, जपानमधली बहुतेक संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. लहान स्टेशनांवर गाड्या थोड्या थांबतात, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर लिहून घ्यावी आणि डबा बरोबर न्यावा. आमच्या आयुष्यमतींनी चपात्या नेल्या होत्या, त्या आम्ही स्टेशनच्या बाकावर बसून खाल्ल्या.