काट्यांची कणगी

आमच्या रोहा भागात कणगी हे नाव दोन वस्तूंना आहे. एक कणगी घरात असते. बांबूच्या कामट्यांची, शेणानं सारवलेली, भात साठवायची. दुसरी जमिनीत असते. तो वेलाला येणारा कंद, कोनफळाच्या कुळातला. वीतभर लांबीच्या आतला, पातळ तपकिरी सालीचा, आतून पांढरा. मीठ घालून उकडला की चव बटाटा आणि रताळं यांच्या मधली लागते. दापोलीकडे त्यालाच कणगर म्हणतात.

या कणगीच्या दोन तऱ्हा. खोडाला बुडाशी काटे दोन्हींना असतात, पण एकीच्या कंदांभोवती मातीतसुद्धा काटेरी मुळ्यांचं जाळं असतं. ती खणायची म्हणजे हात फाटतात. म्हणून माणसांनी हळूहळू बिनकाट्यांचीच निवडून लावली. आमच्या परसातही तीच होती. आई मात्र सांगायची, की आजीच्या हातांवर पौष महिन्यात कणगीचे ओरखडे असायचे. म्हणजे कधीतरी आमच्याकडे काट्यांची होती.

मग रानडुकरं वाढली. एका रात्रीत नांगरल्यासारखं परस उकरून ठेवायची. रताळी गेली, कणगी गेली. तीन वर्षं पाठोपाठ हेच झालं आणि चौथ्या वर्षी लावायला एकही कंद उरला नाही. भेंडी-काकडीसारखं हिचं बी पुडीत मिळत नाही. वेलाला फुलं क्वचित येतात, बी तर मी आजवर पाहिलेलं नाही. कंद हेच बी. शेवटचा कंद खाल्ला, नाहीतर डुकरानं नेला, की त्या घरातला वंश संपला.

तेव्हा मी ठरवलं, आता लावायची तर आजीची लावायची.

बाजारात पाहिलं. दिवाळीनंतर बायका पाट्या घेऊन बसतात, पण पाटीतला माल बहुधा उकडलेला. खायला उत्तम, लावायला बाद. गुहागरच्या पाहुण्यांनी कच्चे कंद दिले, ते बिनकाट्यांचे निघाले. नातवानं मोबाईलवर बघून सांगितलं, “आजोबा, तिरुवनंतपुरमला कंदपिकांची संशोधन संस्था आहे, १९६३ सालची. त्यांनी कणगीच्या श्रीलता, श्रीकला अशा जाती काढल्यात.” जाती चांगल्याच असणार. पण त्या उत्पन्नासाठी काढलेल्या. मला काटे हवे होते.

श्रावणात बेणणीला माणसं सांगायला डोंगराकडच्या कातकरवाडीत गेलो होतो. एका घरामागं निरगुडीच्या कुंपणावर वेल चढलेला दिसला. कोनफळ म्हणावं तर त्याचं खोड चौकोनी, कडांना पातळ पंख असल्यासारखं. हे गोल होतं. करांद्याचंही खोड गोल, पण गुळगुळीत, आणि त्याला पानांच्या बेचक्यात वर कंद लागतात. इथं वर काही नव्हतं. खाली वाकून बुडाशी बोट फिरवलं, तर बोटाला रक्त आलं.

घरातून म्हातारी बाहेर आली.

“मावशे, ही कणगी का?”

“मंग काय. सासूनं लावलेली.”

“मुळांना काटे हायत?”

“हात घालून बघ की,” म्हणाली आणि हसली.

“डुकरं येत नाय?”

“येतात. उकरतात. तोंड टोचून घेतात नि जातात.”

मी चार कंद मागितले. तिनं मान हलवली. “आता नुसतं पानी हाय त्यात. पाला वाळल्यावर ये.”

पौषात पहार घेऊन गेलो. वाडी रिकामी. अंगणात कोंबडीसुद्धा नाही. दिवाळीनंतर बरीचशी घरं वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घेतलेली उचल असते, ती फेडायला सगळं घर जातं, ते पावसाच्या तोंडाशी परततं. म्हातारीच्या दाराला कुलूप नव्हतं, कडीत नुसती काडी घातलेली. मागं गेलो. वेल वाळून कुंपणावर लोंबत होता. सभोवतालची माती डुकरांनी उकरलेली. पण वेलाच्या बुडाशी दोन-चार ओरखडे, बस. त्यापुढं कोणी गेलेलं नव्हतं.

बघायला कोणी नव्हतं आणि पहार माझ्या हातात होती. पण तिथं उभा राहिलो आणि मला दोन्ही कणग्या एकदम कळल्या. आमची कणगी घरात, दाराआड, वर माणसांची राखण. हिची कणगी मातीत. पाच-सहा महिने घरात कोणी नसतं, तेव्हा काटेच राखण करतात. ती परत येते तेव्हा शेताची कामं सुरू व्हायची असतात, हातात पैसा नसतो, डब्यात दाणा नसतो. त्या दिवसांत ती हे खणून काढते. डुकरापासून राहिलेलं मी नेलं असतं तर डुक्कर बरं म्हणायची पाळी आली असती. पहार खांद्यावर टाकून तसाच परत आलो.

वैशाख सरता सरता पुन्हा गेलो. मंडळी आली होती. वेलाला नवे कोंब दिसत होते. म्हातारीनं स्वतः खणलं. आधी लांबून गोल माती मोकळी केली, मग काठीनं काटेरी मुळ्या बाजूला सारल्या आणि खालून घड उचलला. मला नऊ कंद दिले. पैसे काढले तर म्हणाली, “पैसं नको. लाव, नि मागंल त्याला दे. माजी मेली तर तुज्याकडं सापडंल.”

तीन-तीन फुटांवर आळी केली, शेणखत आणि पालापाचोळा घातला, प्रत्येकात अख्खा कंद पुरला, बांबूच्या काठ्या रोवल्या. नऊपैकी आठ उगवले. त्या वर्षीही डुकरं आली. शेजारची रताळी साफ केली. कणगीची दोन आळी विस्कटली आणि सोडून दिली. पौषात खणलं तेव्हा पाटी भरली, आणि माझ्या हातांवर आजीच्या हातांवरचे ओरखडे उठले.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीलगतची जमीन प्लॉट पाडायला विकली गेली. वाडीतली माणसं भट्टीवर असतानाच जेसीबी फिरला. निरगुडीचं कुंपण गेलं, त्याच्याबरोबर कणगीही गेली. डुकरांना जे जमलं नाही ते एका दुपारी झालं. काटे डुकरांसाठी होते, लोखंडासाठी नव्हते.

म्हातारी जेठात आमच्या दारात आली. काही बोलली नाही, ओटीवर बसून पाणी प्याली. मी मागं जाऊन राखून ठेवलेले कंद आणले, वीसेक असतील. तिनं मोजले नाहीत, पदरात घेतले. उठताना एवढंच म्हणाली, “बरं केलंस, लावलीस ती.”

आता तिची घराच्या पुढच्या अंगणात आहे. माझी परसात. आणखी सहा घरांत मी दिली आहे, त्यांतली चार ठिकाणची जगली. सून खणताना कुरकुरते, म्हणते, बिनकाट्यांची मिळते ना बाजारात. मिळते. पण बाजारातली पाटी उठली की संपली, ही मातीत राहते.

कोणाला हवी असेल तर वैशाखात यावं, सोबत जाड गोणपाट आणावं. पैसे पडणार नाहीत. मागेल त्याला द्यायची, एवढी एकच अट, आणि ती माझी नाही.